चिपचे कार्ड मशीन घेत नाही तेव्हा दोष कोठे शोधावा

मुलुंडहून रोज फोर्टला नोकरीसाठी जाणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे डेबिट कार्ड एटीएममध्ये व्यवस्थित चालते, दुकानातल्या मशीनमध्ये मात्र चारांपैकी तीन वेळा ‘कार्ड वाचता येत नाही’ असे दिसते. दुकानदार कार्ड काढतो, चिप शर्टाला घासतो, पुन्हा घालतो आणि कधी कधी काम होते. वर्षभरात बँकेने त्यांना दोनदा कार्ड बदलून दिले आणि आता तिसऱ्याचीही तीच रड सुरू झाली आहे. चिप खोडरबराने पुसावी का, मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकाने ती खराब होते का, पावसाळ्यात कार्ड कसे सांभाळावे, आणि मुळात बँक निकृष्ट कार्डे देते आहे काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी गेली एकवीस वर्षे याच कामात आहे. सुरुवातीची काही वर्षे कार्डांवर ग्राहकाची माहिती भरण्याच्या विभागात गेली आणि त्यानंतर दुकानांमधली कार्ड-यंत्रे दुरुस्त करत मी कुलाब्यापासून दहिसरपर्यंत फिरलो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती ही, की कार्ड पुसण्याआधी दोष कोणाचा आहे ते ठरवावे. व्यवहारात तीन पक्ष असतात : कार्ड, मशीन आणि बँक. तिघांपैकी कोणीही अडले तरी गल्ल्यावरचा माणूस एकच वाक्य उच्चारतो, ‘कार्ड चालत नाही’, आणि ग्राहक मान खाली घालून कार्ड खिशात ठेवतो. त्यातल्या पुष्कळ प्रसंगी कार्ड पूर्णपणे निर्दोष असते.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कार्ड आत घातल्यावर मशीनने पिन मागितला, तर तुमची चिप वाचली गेली आहे. मशीन प्रथम चिपला वीज पुरवते, तिला जागे करणारा संकेत देते, त्यावर चिप स्वतःची ओळख सांगणारे उत्तर पाठवते, मग दोघे मिळून कोणत्या पद्धतीने व्यवहार करायचा हे ठरवतात, आणि एवढे सगळे पार पडल्यावरच पडद्यावर पिनची चौकट उमटते. त्यानंतर व्यवहार नाकारला गेला तर चिप घासून काहीही उपयोग नाही, कारण नकार बँकेकडून किंवा वाटेतल्या जोडणीकडून आलेला असतो. अशा वेळी दुकानदाराकडे नाकारलेल्या व्यवहाराची चिठ्ठी मागावी किंवा पडद्यावर आलेला दोन अंकी आकडा पाहावा. ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे चुकीचा पिन परवानगीपेक्षा जास्त वेळा टाकला गेला, ६१ म्हणजे ठरलेली मर्यादा ओलांडली, ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा त्या क्षणी उत्तर देत नाही. ५७ आला तर व्यवहाराचा तो प्रकार तुमच्या कार्डावर सुरूच केलेला नाही असे बहुधा समजावे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड येते तेव्हा ते देशातल्या एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतेच चालू असते; ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणे या तिन्ही सोयी ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून किंवा अन्य मार्गाने सुरू कराव्या लागतात. वर्षात दोनदा कार्ड बदलले की प्रत्येक वेळी या सोयी नव्याने सुरू करायच्या असतात, हे लक्षात न आल्याने अनेकांना नवे कोरे कार्डही बिघडलेले वाटते.

तुमच्या बाबतीत मात्र मशीन पिनपर्यंत पोचतच नाही. म्हणजे दोष चिपचा वरचा सोनेरी पत्रा आणि मशीनमधल्या स्प्रिंगच्या पिना यांच्या भेटीत आहे. एटीएममध्ये चालते आणि दुकानात चालत नाही, याचेही कारण तेथेच आहे. कार्ड पूर्ण आत ओढून घेणाऱ्या एटीएममध्ये कार्ड जागेवर स्थिर होते आणि मगच पिनांचा संच वरून चिपवर टेकतो. हातात मावणाऱ्या दुकानी मशीनमध्ये सहसा पिना आधीपासूनच वाटेत उभ्या असतात आणि कार्ड आत जाताना त्या चिपच्या पत्र्यावर घासत जातात. पहिल्या प्रकारात दाब नीट बसतो. दुसऱ्या प्रकारात पिना झिजलेल्या असतील, मशीन गल्ल्यावरून दोन-चार वेळा पडलेले असेल, किंवा चिप कार्डाच्या पातळीपेक्षा केसभर खाली बसलेली असेल, तर स्पर्श अर्धवट होतो. धडधाकट चिप ही कसर भरून काढते, पण सीमेवर असलेली चिप एका मशीनमध्ये चालते आणि दुसऱ्यात अडते.

तो पत्रा एकदा उजेडात नीट पाहा. कार्डाचा पुढचा भाग समोर आणि चिप डावीकडे धरली, तर बारीक रेषांनी त्याचे सहा किंवा आठ कप्पे पाडलेले दिसतील. डावीकडचा सर्वांत वरचा कप्पा वीज घेतो, त्याखालचा चिपला जागे करतो, तिसरा घड्याळाचे ठोके पुरवतो. उजवीकडचा वरचा कप्पा विजेच्या परतीचा, आणि उजवीकडचाच वरून तिसरा कप्पा सगळे बोलणे वाहून नेतो. मशीन आणि चिप यांच्यातला एकूण एक शब्द त्या एका कप्प्यातून जातो. तेथे तेलकट बोटाचा थर, फेव्हिकॉलचा वाळलेला थेंब किंवा किल्लीने पडलेला खोल ओरखडा असेल, तर बाकीचा पत्रा लखलखीत असूनही कार्ड मुके होते. वापराने सोन्याचा अतिशय पातळ मुलामा जाऊन खालचे निकेल किंवा तांबे उघडे पडते, आणि आपल्या मुंबईच्या दमट, खारट हवेत त्यावर डाग चढायला वेळ लागत नाही.

मशीन दोषी की कार्ड, हे ठरवायला दोन मिनिटे पुरतात. त्याच मशीनमध्ये तुमचे किंवा सोबतच्या माणसाचे दुसरे कार्ड चालते का ते पाहावे, आणि तुमचे कार्ड वेगवेगळ्या तीन दुकानांत, शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या मशीनमध्ये घालून पाहावे. तिन्ही ठिकाणी अडले तर कार्डाचा दोष मानावा. एकाच ठिकाणी अडले तर त्या मशीनचा. याबरोबरच एक साधी चूक तपासा. कार्ड चिपच्या बाजूने, चिप वर ठेवून, आत थांबेपर्यंत घालायचे असते आणि व्यवहार संपून मशीन सांगेपर्यंत काढायचे नसते. घाईत लोक ते अर्ध्यावर ओढतात आणि मग मशीन दाखवत असलेली चूक चिपच्या नावावर जमा होते.

आता शर्टाला घासण्याबद्दल. लालबागच्या मिरची गल्लीतल्या एका मसाल्याच्या दुकानात मला दर दोन महिन्यांनी बोलावणे यायचे. तक्रार नेहमी हीच असायची, की लोकांची कार्डे खराब असतात. मी मशीनच्या फटीत उजेड टाकून पाहिले, तेव्हा आतल्या पिनांवर तिखटाचा लालसर, तेलकट थर बसलेला होता. प्रत्येक कार्ड त्या थरातून थोडी पूड घेऊन बाहेर येत होते, दुकानदार ते सदऱ्याला पुसत होता, पुन्हा आत घालत होता, आणि त्या घर्षणाने पिनांवरचा थर क्षणभर बाजूला सरून व्यवहार होत होता. कार्ड पुसल्याने काम झाले असे दोघांनाही वाटत होते. प्रत्यक्षात कार्डाने मशीन पुसले होते. मशीन साफ करण्यासाठी स्पिरिटमध्ये भिजवलेले खास सफाईचे कार्ड मिळते. ते दोन-तीन वेळा आत-बाहेर केले की बहुतेक मशीन सुधारते. पीठ, मसाला, सिमेंट किंवा कापसाचा धुरळा उडतो अशा दुकानांनी ते आठवड्यातून एकदा फिरवावे आणि वापर नसताना मशीनची फट खाली येईल असे ठेवावे. फटीत फुंकर मारू नये, कारण तोंडातला ओलावा थेट पिनांवर जातो.

कार्डाची सफाई करायची असेल तर ती अशी. चष्मा पुसायचे मऊ, कोरडे फडके घ्यावे आणि पत्र्यावरून एकाच दिशेने तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवावे. तेवढ्याने भागले नाही, तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाच्या काडीचे टोक ओले करावे, थेंब गळणार नाही इतपतच, आणि फक्त पत्र्यावरून फिरवून मिनिटभर वाळू द्यावे. हात धुवायचे जेल वापरू नये, कारण त्यातले ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवते. नखांचा रंग काढायचे द्रव आणि थिनर कार्डाचे प्लास्टिकच विरघळवतात. खोडरबराबद्दल तुम्ही नेमके विचारले आहे, तर माझे मत असे : शाळेतला मऊ, पांढरा खोडरबर वर्षातून एखाद्या वेळी, हट्टी डागासाठी, दाब न देता चालेल, पण शाई खोडायचा खरखरीत खोडरबर चुकूनही वापरू नये, कारण त्यातली बारीक रेती सोन्याचा मुलामा खरवडून काढते. पत्रा त्या दिवशी चकचकीत दिसतो आणि दोन महिन्यांत आधीपेक्षा लवकर काळवंडतो. टूथपेस्ट आणि पितांबरी यांचीही तीच गत आहे.

पण वर्षात दोन कार्डे गेली, याचे उत्तर मला सफाईत दिसत नाही. तुम्ही मुलुंडहून फोर्टला जाता हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो तुमच्या पाकिटाच्या जागेचा. पाकीट पँटच्या मागच्या खिशात असेल, तर त्यातले कार्ड रोज दोन वेळा वाकते. आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून बसायची सवय असेल, तर सगळ्या शरीराचा भार बाकाच्या कडेवर, नेमका त्या पाकिटावर येतो. चिप मरते ती बहुतेक वेळा वाकण्याने. आपण ज्याला चिप म्हणतो तो सोनेरी चौकोन केवळ वरचे झाकण आहे. खरी चिप त्याच्या खाली, डाळीच्या दाण्याहून लहान असा सिलिकॉनचा तुकडा असते. पत्र्याच्या कप्प्यांशी ती केसाहून बारीक तारांनी जोडलेली असते आणि त्यावर राळेचा थेंब टाकून सगळे कार्डात कोरलेल्या खड्ड्यात चिकटवलेले असते. कार्डाची एकूण जाडीच ०.७६ मिलिमीटर, त्यामुळे खड्ड्याखाली प्लास्टिकचा अगदी पातळ पापुद्रा उरतो. प्लास्टिक वाकते आणि सरळ होते; सिलिकॉन काचेसारखे असते, त्याला वाकणे जमत नाही.

काही वर्षांपूर्वी असेच एक कार्ड माझ्याकडे आले होते. वरून पाहता काही दोष नव्हता, नाव-आकडे स्पष्ट होते, पत्रा स्वच्छ होता. भिंगाखाली धरून कार्डाची कड अंगठ्याने किंचित दाबली तेव्हा पत्र्याच्या मधोमध एक बारीक रेघ उमटली आणि दाब सोडताच नाहीशी झाली. मशीनमध्ये पिनांचा दाब एका विशिष्ट कोनात पडला की तुटलेली तार टेकत होती आणि कार्ड चालत होते, एरवी बंद. कधी चालणे आणि कधी न चालणे ही तुटलेल्या जोडाची खूण असते. मळलेले कार्ड पुसल्यावर बरेच दिवस सुरळीत चालते, तडा गेलेले कार्ड पुसल्यावर तासाभरात पुन्हा अडते. तुमचे कार्ड सपाट काचेवर ठेवून पाहा. ते झुलत असेल, चिपच्या मागच्या बाजूला प्लास्टिक पांढरे पडले असेल किंवा तेथे फुगवटा जाणवत असेल, तर त्याच्यावर आणखी मेहनत न घेता बँकेला बदलून मागावे. बँकेने निकृष्ट कार्डे दिली असा निष्कर्ष त्याआधी काढू नये. तिसरे कार्ड पुढच्या खिशात किंवा बॅगेतल्या कडक डबीत सहा महिने ठेवून पाहावे.

चुंबकाची भीती तुम्ही मनातून काढून टाका. मोबाइलच्या कव्हरमधल्या किंवा पर्सच्या बटणातल्या चुंबकाने चिपला काहीही होत नाही. इजा होते ती मागच्या काळ्या पट्टीला. त्या पट्टीवरची माहिती चुंबकीय असते, चिपमधली नसते. पाण्याचेही तसेच. पावसात भिजलेले, इतकेच नव्हे तर कपड्यांबरोबर धुतले गेलेले कार्डही अनेकदा जिवंत राहते. ते साध्या स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, समुद्राचे पाणी लागले असेल तर नक्कीच धुवावे, आणि पूर्ण वाळेपर्यंत मशीनमध्ये घालू नये. खिशातले कार्ड धुण्यातून वाचते आणि इस्त्रीखाली मरते, कारण उष्णता प्लास्टिक मऊ करते, चिकटवलेला खड्डा सैल होतो आणि चिप पातळी सोडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड ठेवू नये ते याचसाठी. चिपवर पारदर्शक चिकटपट्टी लावणारेही पुष्कळ भेटतात. पट्टीमुळे स्पर्श तुटतो, आणि ती काढल्यावर उरलेला डिंक मशीनच्या पिनांना लागून पुढच्या ग्राहकालाही त्रास देतो.

ज्या कार्डावर लहरींसारख्या चार रेषांचे चिन्ह असते, ज्याला आपल्याकडे सर्रास वायफायवाले कार्ड म्हणतात, त्याचा वायफायशी काही संबंध नाही. त्याच्या प्लास्टिकच्या आत कडेकडेने तारेची एक वेटोळी बसवलेली असते. मशीनजवळ नेल्यावर ती १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींमधून वीज घेते आणि त्याच चिपला चालवते. तुमच्या निदानाला याचा मोठा उपयोग आहे. घातल्यावर अडणारे कार्ड टॅप केल्यावर दर वेळी चालत असेल, तर आतला सिलिकॉन शाबूत आहे आणि दोष पत्र्याचा किंवा त्यापर्यंतच्या जोडाचा आहे. उलट घातल्यावर चालते आणि टॅप होत नाही, असे असेल तर आधी ती सोय ॲपमध्ये सुरू आहे का ते पाहा, आणि सुरू असेल तर वेटोळी तुटली असे समजा. ओळखपत्राच्या दोरीत अडकवण्यासाठी कार्डाला भोक पाडणारे मी पाहिले आहेत. ते भोक अनेकदा थेट त्या तारेतून जाते. एनएफसी, म्हणजे टॅप करून पैसे देण्याची सोय, असलेला मोबाइल घरात असेल तर कार्ड त्याच्या पाठीला हळूहळू फिरवून पाहावे. मोबाइलने आवाज दिला किंवा काही संदेश दाखवला, तर वेटोळी आणि चिप दोन्ही जिवंत आहेत. यासाठी कोणतेही अनोळखी ॲप घेऊ नये. टॅप करताना पाकीटच मशीनला लावू नये, कारण आत दोन कार्डे असली तर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि मशीन गोंधळते. पिन न टाकता टॅप करण्याची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून एका व्यवहाराला ५,००० रुपये आहे. त्यापुढे मशीनने पिन मागितला तर तो दोष नव्हे.

बेस्टच्या बसमध्ये आणि मेट्रो २अ व ७ वर चालणारे राष्ट्रीय सामायिक प्रवासी कार्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांनी एक वेगळी गोष्ट जाणून घ्यावी. त्यात प्रवासासाठीची शिल्लक चिपमध्येच लिहिलेली असते, म्हणून फाटकावर नेटवर्क नसले तरी ते क्षणात चालते. ॲपमधून पैसे भरल्यावर ते लगेच चिपवर पोचत नाहीत. कार्ड एखाद्या मशीनला लावून शिल्लक चिपवर उतरवून घ्यावी लागते. हे टप्पे दोन आहेत हे ठाऊक नसल्याने कंडक्टरशी वाद होतात आणि कार्ड बिघडल्याची तक्रार येते. चिप खरोखर बिघडली तर त्यातली रक्कम परत मिळणे कार्ड देणाऱ्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून राहते, म्हणून आठवड्याच्या प्रवासापुरतीच रक्कम त्यात ठेवणे मला योग्य वाटते.

चिप अडली की काही दुकानदार कार्ड पट्टीच्या बाजूने ओढून पाहतात. मशीन बहुतेक वेळा ‘चिप वापरा’ असे सांगून थांबते, कारण पट्टीवरच्या माहितीतच या कार्डाला चिप आहे अशी नोंद असते. चिप खरोखर वाचता आली नाही म्हणून मशीनने पट्टी स्वीकारली, तरी असा व्यवहार बँका बहुधा नाकारतात, आणि तो नकार तुमच्या भल्याचाच असतो. पट्टीवरची माहिती कायम तीच राहते, म्हणून तिची नक्कल करता येते. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा, पुन्हा न चालणारा सांकेतिक शब्द तयार करते. याच कारणाने रिझर्व्ह बँकेने १ सप्टेंबर २०१५ पासून नवी कार्डे चिप आणि पिनचीच द्यावीत असा आदेश काढला आणि जुनी केवळ पट्टीची कार्डे बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठरवली. तेव्हा चिप चालत नसताना पट्टीसाठी आग्रह धरू नये. रोख किंवा यूपीआयने पैसे द्यावेत.

मशीन मध्येच बंद पडले आणि खात्यातून पैसे मात्र वजा झाले, असे झाले तर दुकानदाराकडून व्यवहार न झाल्याची चिठ्ठी घ्यावी आणि बँकेचा संदेश जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. एटीएममधून रोख बाहेर आली नाही आणि खात्यातून गेली, त्यालाही हाच नियम आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

एका गोष्टीसाठी मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा विनवतो. एटीएममध्ये कार्ड अडले की मागे उभा असलेला एखादा माणूस पुढे येतो आणि ‘काका, चिप मळली आहे, द्या, मी पुसून देतो’ असे म्हणतो. तो रुमालाने कार्ड पुसतो आणि परत देतो ते त्याच बँकेचे, त्याच रंगाचे, पण दुसऱ्याचे कार्ड असते. पिन त्याने आधीच पाहिलेला असतो. काही ठिकाणी फटीत गोंद लावून कार्ड मुद्दाम अडकवतात आणि शेजारी मदतीचा म्हणून खोटा फोन क्रमांक चिकटवून ठेवतात. चिप स्वतः पुसा, नाहीतर पुसू नका, पण कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका. अडकलेच तर तेथेच उभे राहून कार्डामागच्या किंवा बँकेच्या ॲपमधल्या क्रमांकावर फोन करून ते बंद करा. कार्ड आत अडकल्यावर मागचा क्रमांक वाचता येत नाही, म्हणून तो आजच मोबाइलमध्ये लिहून ठेवावा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावरही लगेच कळवावे. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार नुकसान तुमच्यावर पडत नाही. पिन कोणाला सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुम्हाला सोसावे लागते. चिप ‘अपडेट’ करण्यासाठी ओटीपी मागणारा फोन आला तर तो बंद करावा, कारण चिप फोनवरून दुरुस्त होत नाही.

तिसरे कार्ड बदलायची वेळ आलीच तर अर्ज करताना दोन गोष्टी विचारून घ्या. नवे कार्ड हातात येऊन सुरू होईपर्यंत जुने चालू राहील का, आणि क्रमांक बदलणार आहे का. क्रमांक बदलला की विजेचे बिल, विमा, मोबाइल अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची परवानगी पुन्हा द्यावी लागते, आणि खरेदीच्या ॲपमध्ये कार्ड नव्याने जोडावे लागते. नवे कार्ड चालल्याची दुकानात आणि एटीएममध्ये, दोन्हीकडे खात्री झाल्यावर जुने नष्ट करा. बहुतेक लोक ते मधोमध कापतात आणि चिप एका तुकड्यात अखंड राहते. कात्री सोनेरी पत्र्याच्या मध्यातून न्यावी, मागची पट्टी दोन-तीन ठिकाणी कापावी आणि तुकडे दोन वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाकावेत. प्रवासी शिल्लक असलेले कार्ड असेल, तर कात्री उचलण्यापूर्वी ती शिल्लक बसमध्ये किंवा मेट्रोत वापरून संपवावी.